दाताच्या कॅपपासून रस्त्याच्या खड्ड्यापर्यंत: फॉस्फेट सिमेंट म्हणजे काय आणि ते मिनिटांत कसं घट्ट होतं?



'सिमेंट' म्हटलं की डोळ्यांसमोर ५० किलोचं पोतं, वाळू, गिट्टी आणि पाण्याचा पाइप येतो. आम्ही वर्धेकर तर सिमेंटच्या शेजारीच राहतो. बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, आवारपूर, उपरवाही इथे मोठे सिमेंट कारखाने आहेत. पण एक सिमेंट असंही आहे, जे एका वेळी चमचाभरसुद्धा लागत नाही, काचेवर कालवलं जातं आणि पाच-दहा मिनिटांत दगड होतं. तुमच्या आजीच्या दातावर धातूची कॅप असेल, तर ती बहुधा याच प्रकारच्या सिमेंटने बसवलेली असेल.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, केमिस्ट्री बारावीनंतर सुटली ती सुटलीच. गेल्या वर्षी बाबांच्या दाढेची जुनी कॅप जेवताना निघाली, तेव्हा शेजारच्या काकांनी मोबाइलवर एक रील दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, कायले जाता दवाखान्यात? गोंद लावून टाका ना." बाबा दवाखान्यातच गेले. पण 'दातात सिमेंट' हा प्रकार नक्की काय आहे, हे शोधता शोधता मी हाडं, हायवे आणि अणुकचऱ्यापर्यंत पोचलो. त्यातलं जे समजलं ते आज सोप्या भाषेत सांगतो.

आधी नेहमीचं सिमेंट समजून घेऊ

घरबांधणीचं सिमेंट, म्हणजे पोर्टलँड सिमेंट, चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून तयार करतात. त्यात मुख्यतः कॅल्शियमचे सिलिकेट असतात. पाणी टाकलं की हे सिलिकेट पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून वाळू-गिट्टीला धरून ठेवणारा घट्ट पदार्थ तयार होतो. 'सिमेंट वाळतं' असं आपण म्हणतो, पण ते वाळत नाही, पाणी पितं. म्हणून तर स्लॅबवर दिवसेंदिवस पाणी मारावं लागतं.

ही प्रक्रिया निवांत चालते. पोत्यावर '५३ ग्रेड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २८ दिवसांनी त्या सिमेंटचा नमुना दाबाखाली ५३ मेगापास्कल ताकद दाखवतो. घरासाठी २८ दिवस चालतात. तोंड उघडून खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र २८ मिनिटंही जास्त होतात.

फॉस्फेट सिमेंटची केमिस्ट्री: आम्ल + आम्लारी

शाळेतलं उदासिनीकरण आठवतं? आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. फॉस्फेट सिमेंटचा सगळा खेळ याच एका ओळीवर चालतो.

- आम्लाची बाजू: फॉस्फोरिक आम्ल, किंवा त्याचाच थोडा सौम्य, पावडरमध्ये मिळणारा फॉस्फेट क्षार.
- आम्लारीची बाजू: एखाद्या धातूचा ऑक्साइड, म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा मॅग्नेशियम ऑक्साइड.

दोन्ही एकत्र कालवले की तीन गोष्टी होतात. पहिली, ऑक्साइडच्या कणांचा वरचा थर आम्लात विरघळतो आणि धातूचे आयन सुटे होतात. दुसरी, हे आयन फॉस्फेटशी जोडले जातात आणि एक जाळं तयार व्हायला लागतं. तिसरी, ते जाळं घट्ट होतं आणि त्यात ऑक्साइडचे न विरघळलेले कण खिरीतल्या काजूंसारखे अडकून राहतात. हे उरलेले कणच त्या सिमेंटची 'गिट्टी'.

या सगळ्यात उष्णता बाहेर पडते. उष्णतेमुळे अभिक्रिया वेगात होते, वेगामुळे आणखी उष्णता निघते. चार्जिंगला लावून गेम खेळला की फोन कसा तापत जातो, तसंच. फोनमध्ये प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून वाचतो. सिमेंटमध्ये तो ब्रेक आपल्याला बाहेरून लावावा लागतो. पुढे जे जे वाचाल, त्यातला बराचसा भाग हा ब्रेक कसा लावायचा याचाच आहे.

कुठलाही ऑक्साइड का चालत नाही?

ऑक्साइड आम्लात किती पटकन विरघळतो, यावर सगळं ठरतं.

- कॅल्शियम ऑक्साइड (कळीचा चुना): फार पटकन विरघळतो. फॉस्फोरिक आम्लात टाकला तर मिश्रण उकळतं आणि हाती भुसभुशीत चुरा येतो.
- ॲल्युमिनियम ऑक्साइड: जवळजवळ विरघळतच नाही. साध्या तापमानाला काहीच घडत नाही, गरम करावं लागतं. पण एकदा घट्ट झाला की प्रचंड उष्णता सोसतो. म्हणून भट्ट्यांच्या आतल्या उष्णतारोधक अस्तरात फॉस्फेटची बांधणी वापरतात. वर्ध्याजवळ भूगावला लोखंडाचा कारखाना आहे. पोलाद उद्योगात अशा अस्तरांना मोठी मागणी असते.
- झिंक आणि मॅग्नेशियम ऑक्साइड: या दोघांच्या मधले. तरीही थोडे चपळच. म्हणून त्यांना आधी हजार-दीड हजार अंशांच्या आसपास भाजून 'सुस्त' करतात. भाजल्यावर कण मोठे आणि घट्ट होतात, पृष्ठभाग कमी होतो आणि आम्लाला कुरतडायला वेळ लागतो. हा झाला पहिला ब्रेक.

दाताचं सिमेंट: काचेवरची कसरत

झिंक फॉस्फेट सिमेंट १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दातांसाठी वापरात आहे. पावडरमध्ये सुमारे ९०% झिंक ऑक्साइड आणि १०% च्या आसपास मॅग्नेशियम ऑक्साइड असतं. बाटलीतल्या द्रवात फॉस्फोरिक आम्ल, पाणी आणि थोडं ॲल्युमिनियम फॉस्फेट. हे ॲल्युमिनियम दुसरा ब्रेक आहे. ते नसेल तर झिंक फॉस्फेटचे मोठे स्फटिक झटपट वाढतात आणि सिमेंट कमजोर होतं.

तिसरा ब्रेक असतो डॉक्टरांच्या हातात. आपल्याकडे सावंगी (मेघे) इथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. अशा कुठल्याही दंत महाविद्यालयात विद्यार्थ्यांना हे सिमेंट कालवायला शिकवतात आणि ते काम वाटतं तितकं सोपं नाही:

१. जाड काचेची पाटी आधी थंड करून घेतात.
२. पावडरचे छोटे छोटे भाग पाडतात आणि एकेक भाग द्रवात मिसळतात.
३. चपट्या स्पॅट्युलाने पाटीवर पसरून, लांब लांब फिरवून घोटतात, म्हणजे उष्णता काचेत निघून जाते.
४. साधारण दीड मिनिटात हे सगळं संपवून लगेच कॅपमध्ये भरतात.

सगळी पावडर एकदम टाकली तर उष्णता एकदम निघते आणि सिमेंट कॅपपर्यंत पोचायच्या आधीच घट्ट होतं.

इथे आपल्या हवामानाचीही भानगड आहे. काच थंड हवी, पण किती? जुलैमध्ये विदर्भात हवा इतकी दमट असते की दवबिंदू २३-२४ अंशांपर्यंत जातो. एसी नसलेल्या खोलीत २० अंशांवर थंड केलेली काच बाहेर काढली की फ्रिजमधल्या बाटलीसारखी तिच्यावर पाण्याची थेंबटं जमतात. हे पाणी सिमेंटमध्ये गेलं की ते लवकर घट्ट होतं आणि कच्चं राहतं. म्हणजे काच थंड करायची, पण घाम फुटेल इतकी नाही. द्रवाच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवायचं नाही, हा नियमही यासाठीच. द्रवातलं पाणी कमी-जास्त झालं की वेळेचं सगळं गणित बिघडतं.

घट्ट झालेलं सिमेंट १ दिवसात १०० मेगापास्कलच्या आसपास दाब सोसू शकतं. वर ५३ ग्रेडचा आकडा पाहिला होता, त्याच्याशी ताडून बघा. पण ताणलं तर ते पटकन तुटतं, आणि ते दाताशी रासायनिक जोड करत नाही. कॅप आणि दात यांच्यामधल्या सूक्ष्म खाचांत शिरून ते पाचरीसारखं बसतं. म्हणून त्याचा थर पातळ लागतो, साधारण २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. जाड थर राहिला तर कॅप उंच बसते आणि कडेने लाळ शिरून सिमेंट हळूहळू झिजतं.

कालवल्यावर पहिली काही मिनिटं हे सिमेंट चांगलंच आंबट असतं. पुढच्या एक-दोन दिवसांत ते उदासीन होत जातं. कॅप बसवल्यावर सुरुवातीला दात थोडा ठणकतो, त्यामागचं हे एक कारण. आता बरेच डॉक्टर ग्लास आयोनोमर किंवा रेझिन सिमेंट वापरतात, कारण ती दाताला रासायनिकरीत्याही चिकटतात. तरी धातूच्या कॅपसाठी झिंक फॉस्फेट अजून टिकून आहे.

कॅप निघाली तर काय करायचं?

रील बघून घरी गोंद लावणाऱ्यांसाठी हा भाग. वरचं वाचलंत तर कारण आपोआप समजेल.

- झटपट गोंद तोंडातल्या वापरासाठी बनवलेला नसतो. त्याने हिरडी आणि गालाची आतली त्वचा भाजू शकते.
- तुमचा थर २५ मायक्रॉनचा होणार नाही. कॅप वाकडी किंवा उंच बसेल आणि चावताना सगळा जोर त्याच दातावर येईल.
- बऱ्याचदा कॅप निघते तीच आतला दात किडल्यामुळे. ती वरून चिकटवली की कीड आत बंद होते आणि वाढत राहते.
- नंतर डॉक्टरांना तो गोंद खरवडावा लागतो. त्यात कॅप खराब झाली तर नवीन करावी लागते, म्हणजे वाचवायला गेलेले पैसे दुप्पट जातात.

काय करावं: कॅप धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. कॅप नुसती बसवून रात्री झोपू नका, झोपेत ती श्वासनलिकेत जाऊ शकते. बाबांच्या दाढेत कॅपखाली कीड निघाली. ती साफ करून डॉक्टरांनी तीच कॅप परत बसवली.

हाडात भरायचं सिमेंट

आपली हाडं आणि दात मुळात कॅल्शियम फॉस्फेटचेच, हायड्रॉक्सीॲपेटाइट या खनिजासारखे. मग हाडातली पोकळी त्याच पदार्थाने भरता येईल का? १९८०च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ या संशोधकांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या दोन वेगवेगळ्या पावडरी पाण्यासोबत कालवल्या, आणि त्यातून शरीराच्या तापमानालाच हायड्रॉक्सीॲपेटाइट तयार झालं. चुन्यासारखा भडका नाही, कारण इथे कळीचा चुना नाहीच, दोन्ही बाजूंना फॉस्फेटच आहेत.

हे सिमेंट पेस्टसारखं पोकळीत भरता येतं आणि काळाच्या ओघात शरीर त्याच्या जागी स्वतःचं हाड आणू शकतं. पण ते ठिसूळ असल्यामुळे पूर्ण वजन पेलायच्या जागी एकट्याने चालत नाही. एक गोंधळ इथेच दूर करू: गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये ज्याला 'बोन सिमेंट' म्हणतात, ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक प्लास्टिक असतं. नाव सारखं, पदार्थ वेगळा.

रस्त्याचं सिमेंट आणि ०:५२:३४

आता आपल्या शेतकरी मित्रांना ओळखीचा आकडा. कृषी केंद्रात ०:५२:३४ नावाचं विद्राव्य खत मिळतं, कपाशीवर आणि संत्र्यावर फवारतात. त्याचं रासायनिक नाव मोनोपोटॅशियम फॉस्फेट. १२:६१:० म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट. हे दोन्ही पाण्यात विरघळल्यावर आम्लधर्मी असतात. कडक भाजलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडशी ते कालवले की मॅग्नेशियम फॉस्फेट सिमेंट तयार होतं.

हिशेब असा: १०० ग्रॅम ०:५२:३४ ला पूर्ण अभिक्रियेसाठी सुमारे ३० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ६६ ग्रॅम पाणी लागतं. प्रत्यक्षात मॅग्नेशियम ऑक्साइड बरंच जास्त घेतात, कारण उरलेले कण गिट्टीचं काम करतात. वेग आवरायला थोडा बोरॅक्स घालतात. तो कणांभोवती तात्पुरतं कवच करतो. हा चौथा ब्रेक.

अमोनियमवालं मिश्रण वापरलं तर त्यातून स्ट्रुव्हाइट नावाचं खनिज तयार होतं. हेच खनिज काही प्रकारच्या संसर्गानंतर मूत्रपिंडात खडा होऊन बसतं. म्हणजे एकाच्या किडनीतला त्रास, तोच दुसऱ्याच्या रस्त्यातली मजबुती! कालवताना अमोनियाचा वास येतो म्हणून बंद जागेत पोटॅशियमवालं मिश्रण बरं.

फायदा काय? चांगलं मिश्रण तासाभरातच वाहनं झेलण्याइतकं घट्ट होतं, आणि जुन्या काँक्रीटला छान धरतं. म्हणून परदेशात १९७०च्या दशकापासून हायवे आणि विमानतळांच्या धावपट्ट्यांच्या तातडीच्या दुरुस्तीला ते वापरतात. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, तोही काँक्रीटचाच. अशा रस्त्यावर एक लेन दिवसभर बंद ठेवणं आणि दोन तास बंद ठेवणं यात किती फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको.

मग अडचण? आपला मे महिना. वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. २५ अंशांना १५ मिनिटं देणारं मिश्रण ४५ अंशांना चारेक मिनिटांत हातातच घट्ट होईल. म्हणून गरम हवेसाठी जास्त बोरॅक्सचं मिश्रण, थंड पाणी, किंवा थेट पहाटेचं काम.

अणुकचरा आणि सेरॅमिक्रीट

याच मॅग्नेशियम-पोटॅशियम जोडीला अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत मोठं काम मिळालं. १९९०च्या दशकात तिथे अरुण वाघ आणि सहकाऱ्यांनी 'सेरॅमिक्रीट' विकसित केलं. आडनाव वाचून आपले कान टवकारतातच! किरणोत्सारी आणि विषारी कचरा भट्टीत न वितळवता, साध्या तापमानाला दगडात बंद करायचा, हा त्यामागचा हेतू. कोणता ऑक्साइड किती विरघळतो, हे वर सांगितलेलं गणित वाघ यांनी आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. पुढे त्याच तंत्रावर 'ग्रॅनक्रीट' आलं, सांगाड्यावर फवारून स्वस्त घर उभारायची कल्पना.

या मिश्रणांत औष्णिक वीज केंद्राची राख भरपूर मिसळता येते आणि तिचा उपयोगही होतो. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख आपल्याला नवीन नाही.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत?

इथे खरी गोम आहे. १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल खड्डा घ्या. तो भरायला सुमारे ११० किलो मिश्रण लागेल. त्यात निम्मी वाळू-राख धरली आणि उरलेल्यात पाणी, मॅग्नेशियम ऑक्साइड, फॉस्फेट असे भाग केले, तर माझ्या ढोबळ हिशेबाने १५ किलोच्या आसपास फॉस्फेट जाईल. फवारणी १०लिटर पाण्याला १०० ग्रॅम आणि एकरी २०० लिटर पाणी धरली, तर एका एकराला २ किलो ०:५२:३४ लागतं. म्हणजे एका खड्ड्यात सात एकरांची एक फवारणी गेली!

किमतीचंही तेच. किलोमागे हे खत साध्या सिमेंटच्या कित्येक पट महाग आहे. आणि पैशापुढचा प्रश्न म्हणजे फॉस्फेट येतं कुठून? राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाची खाण आहे, पण देशाला लागणारं बहुतेक फॉस्फेट आपण खडक, आम्ल किंवा तयार खत म्हणून आयात करतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७०% एकट्या मोरोक्कोकडे आहेत. चुनखडीला पर्याय सापडतील. पिकाला मात्र फॉस्फरसच्या जागी दुसरं काहीच चालत नाही. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्यासाठी हे सिमेंट वापरणं परवडणार नाही, आणि वापरूही नये. जिथे एक तास वाचवण्याची किंमत खरंच मोठी आहे, तिथेच ते शोभतं.

'खतापासून सिमेंट' असा व्हिडिओ दिसला तर हे तपासा

- ताकदीचा आकडा किती वेळानंतरचा आहे, तासाचा की २८ दिवसांचा?
- प्रयोग किती तापमानाला केला? एसी लॅब आणि हिंगणघाटचा मे यात फरक आहे.
- एक किलोची किंमत सांगितली आहे का?

आणि घरी करून बघायचा मोह आवरा. बाजारातलं साधं मॅग्नेशियम ऑक्साइड पुरेसं भाजलेलं नसतं, मिश्रण काही सेकंदांत तापून हात भाजू शकतो. फॉस्फोरिक आम्ल तर डोळ्याला आणि त्वचेला धोकादायकच.

थोडक्यात

- पोर्टलँड सिमेंट पाण्याने घट्ट होतं, फॉस्फेट सिमेंट आम्ल-आम्लारीच्या अभिक्रियेने.
- झिंकचं दातासाठी, कॅल्शियमचं हाडासाठी, मॅग्नेशियमचं रस्त्यासाठी आणि कचऱ्यासाठी, ॲल्युमिनियमचं भट्टीसाठी.
- वेग ही त्याची ताकद आणि तीच त्याची डोकेदुखी. भाजणं, ॲल्युमिनियम, थंड काच आणि बोरॅक्स हे त्याचे ब्रेक.
- फॉस्फेट हे आधी पिकाचं अन्न आहे, सिमेंटसाठी ते जपूनच वापरायला हवं.
- आणि कॅप निघाली तर गोंद नको, दंतवैद्य गाठा.